मोहालीत गप्पांना विषय हवाय?

चंदीगडचं रॉक गार्डन, सुखना तलाव बघून झालं की रिक्षाने शेजारच्या मोहालीत, फेज 9 ला जा. स्टेडियमच्या दिव्यांचे खांब बुटके दिसतील. विमानतळ जवळ आहे ना! 2023 पर्यंत पंजाब किंग्ज इथे खेळायचे. पहिल्या 16 हंगामांत अंतिम फेरी एकदाच, 2014 मध्ये. हरण्याची सवय झालेल्या इथल्या चाहत्यांना बोलतं करायचंय? आपल्या अकोल्याच्या अथर्व तायडेचं नाव काढा.

मे 2023, धरमशाला. दिल्लीविरुद्ध लक्ष्य 214. तायडेच्या 42 चेंडूंत 55 धावा झालेल्या, पण वेग कमी पडत होता. मग तो बाद न होताच तंबूत परतला, 'रिटायर्ड आउट'! मागच्या फलंदाजाला जागा मिळाली. सामना मात्र 15 धावांनी गेलाच.

बेसबॉलमध्ये याचा चुलतभाऊ आहे, 'सॅक्रिफाइस फ्लाय'. फलंदाज लांब, उंच फटका मारून झेलबाद होतो आणि झेल घेतल्यावर तिसऱ्या बेसवरचा सोबती धावत येऊन धाव पूर्ण करतो. असं बाद होणं फलंदाजाच्या सरासरीत धरतच नाहीत. तायडेच्या खात्यात मात्र सरळ 'बाद'. मला तर हा अन्यायच वाटतो. मोहालीकरांना काय वाटतं, विचारून बघा. लस्सीचा एक ग्लास पुरणार नाही.