बिननावाचे दगड

सातारा जिल्ह्यात चंदन-वंदन गडांच्या सावलीतल्या किकली गावात भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळांची, म्हणजे लढताना पडलेल्यांच्या स्मृतिशिळांची, दाटी आहे. कमरेएवढे, छातीएवढे, काही निम्मे मातीत रुतलेले. एकेका शिळेवर कप्पे कोरलेले. खालच्या कप्प्यात वीर आडवा पडलेला. कुठे शेजारी गाई, म्हणजे गाव लुटायला आलेल्यांच्या हातून गुरं सोडवताना गेलेला. वरच्या कप्प्यात ढाल-तलवारीची झुंज. त्याच्यावर अप्सरा त्याला उचलून नेताहेत, आणि सगळ्यांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर याची कीर्ती राहील, हा त्यांचा अर्थ.

कीर्ती राहिली, नाव मात्र राहिलं नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. माणूस कसा मेला ते दगड सांगतो, कोण मेला ते सांगत नाही. ज्यांच्यासाठी तो उभा केला त्या गावकऱ्यांना ते ठाऊकच होतं, लिहायचं कशाला? आज त्यातल्या कुणाचा म्हसोबा होतो, कुणाला शेंदूर लागतो, कुणी नुसताच धुणं आपटायच्या कामी येतो.

अमेरिकेत याच्या अगदी उलट. व्हर्जिनिया राज्यानं १९२७ पासून रस्त्याकडेला ओतीव धातूच्या पाट्या रोवल्या, मोटारीतून जाणाऱ्या परक्याला कळावं म्हणून. इथे कोणती लढाई झाली, कोणत्या सेनापतीनं तळ दिला, सगळं चार ओळींत. चित्र नाही, नुसता मजकूर.

साताऱ्याकडे मजकुराचा दगड आणला तो इंग्रजांनी. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानातल्या गावोगावी त्यांनी एका साच्यातल्या शिळा बसवल्या: या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नावाच्या जागी आकडा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात घरटी फौजेत माणूस. गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलेलं. त्या युद्धात इथले ४६ जण कामी आले, त्यांची आठवण गावात दगडाच्या रूपानं उभी आहे. सेहेचाळीस. एवढ्या घरांत एकाच वेळी सुतक पडलं असतं तर गावात चूल पेटली नसती; पण बातम्या आल्या त्या एकेक करून, समुद्रापलीकडून.

त्या काळी मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेल्या फौजेत १०३ आणि ११० नंबरच्या मराठा पलटणी होत्या. त्या रणभूमीवरच्या, ज्यांची थडगीही सापडली नाहीत अशा चाळीस हजारांवर मृतांसाठी बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक बेरीज मांडली. पुढे १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमानं ते स्मारकच उचलून वाळवंटात नेलं गेलं.

साताऱ्याजवळच्या माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. त्याचं नाव खंड्या, हेही लोकांना पाठ आहे. बसऱ्याच्या त्या बेरजेपुढे हा खंड्या आठवतो आणि जरा ओशाळायला होतं.

साध्या माणसाचं नाव राहिलं ते बेचाळीसच्या चळवळीत. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला. पुढे परशुराम घार्गे, हातात तिरंगा. गोळीबारात ते आणि आणखी आठ जण पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला मोर्चावर गोळ्या सुटल्या. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि विष्णू भाऊ बारपटे गेले. ही नावं सरकारनं नव्हे, आधी लोकांनी जपली: शाळांना दिली, चौकांना दिली. वीरगळाला जे जमलं नाही आणि गोऱ्या साहेबाला जे सुचलं नाही, ते इथल्या लोकांनी केलं.

मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला राज्य सरकारनं हुतात्म्यांच्या गावी एकाच नकाशाबरहुकूम स्मारकं बांधली. पुन्हा साचाच, पण या वेळी आत नावं होती. त्यांतल्या कित्येकांना आता कुलूप असतं. किल्ली कुणाकडे, हे ग्रामपंचायतीत विचारावं लागतं. ९ ऑगस्टला झाडलोट होते.

किकलीला मात्र कुलूप नाही. जायचं असेल तर दुपारी जाऊ नका, डोक्यावरच्या उन्हात कप्पे सपाट दिसतात. सकाळी लवकर जा. ऊन तिरपं पडलं की गाईची शिंगं आणि वीराची मूठ स्पष्ट उठून येते.