पिक बोटात बसेपर्यंत

हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. डाव्या हातातला पोलादी बार तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताच्या अंगठ्यात, तर्जनीत, मधल्या बोटात एकेक पिक घालून तारा छेडायच्या. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा ऐकल्यापासून तो घसरत जाणारा स्वर मनातून जाईना, म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी हे शिकायला घेतलं. पडद्यांचा आधार नाही, सूर कानानेच शोधायचा, तेव्हा खरी परीक्षा डाव्या हाताची असणार असं वाटत होतं. पण सुरुवातीचे कित्येक दिवस डाव्या हाताकडे बघायला सवडच झाली नाही. उजव्या हातातली पिक्स जागेवर राहतच नव्हती.

फिंगर पिक म्हणजे पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा पातळ पत्रा. पुढे गोलसर पातं, मागे बोटाला वेढणाऱ्या दोन पट्ट्या. अंगठ्याचं पिक बहुतेक वेळा प्लॅस्टिकचं असतं. मी पातं नखावर येईल असं घातलं, कारण वाढवलेलं नख जिथे असतं तिथेच ते हवं, असा माझा समज. मला शिकवणारे सर एकेकाळी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला. "अहो ताई, पातं पेराच्या मऊ बाजूला यायला हवं. नखावर असलं तर तार त्याला ढकलून नखापासून सुटं करणार." घातलेलं काढून फिरवून घातलं. आता ते सुटं होत नव्हतं, पुढे सरकून गळत होतं.

ढिलं आहे म्हणजे आवळायला हवं, हा साधा हिशेब. पट्ट्या दाबत गेले. चार ओळी वाजवेपर्यंत बोटाचं टोक जांभळट झालं आणि मुंग्या आल्या. सरांनी पिक बोटात असतानाच नख दाबून सोडलं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघितलं. नख लगेच गुलाबी झालं नाही, तर पिक जास्त आवळलेलं आहे. पण सगळ्यांत मोठा धडा त्यानंतरचा. पिक तसंच ठेवून त्यांनी माझं बोट खिडकीसमोर धरलं. इतकं करकचून आवळलेलं, तरी पत्रा आणि पेर यांच्यामध्ये उजेडाची फट दिसत होती. बोट टोकाकडे निमुळतं होत जातं. मी मात्र पट्ट्या सरळ नळीसारख्या वळवल्या होत्या. त्यामुळे पिक मागच्या एका कडेवरच टेकलं होतं. जिथे टेकलं तिथे ते रुतत होतं आणि बाकी सगळीकडे मोकळं होतं. आवळणं वेगळं आणि बसणं वेगळं, हे मला त्या फटीने दाखवलं.

मग घरी नोज प्लायर घेऊन बसले. पत्र्यावर ओरखडे उठू नयेत म्हणून जबड्यांना कापड गुंडाळायचं, मागची कड थोडी उघडायची, पुढची मिटवायची, उजेडात धरून बघायचं, पुन्हा तेच. पत्र्याची जाडी इंचात मोजतात. ०.०१८ चा पत्रा हाताने सहज वळतो, पण वाजवता वाजवता पुन्हा उघडतो, ०.०२५ चा म्हणजे साधारण सव्वासहा दशांश मिलिमीटरचा वळवताना दमवतो, पण दिलेला आकार धरून ठेवतो. माझ्यासारखीने जाडच घ्यावं असं आता माझं मत आहे. आणखी एक गोष्ट हाताला कळली: पट्ट्या नखाच्या मुळाशी, सांध्याच्या अलीकडेच राहायला हव्यात. सांध्यावर गेल्या, तर बोट वाकलं की सांधाच पिकला पुढे ढकलतो.

अंगठ्याचं दुखणं निराळं होतं. ते पिक गळत नव्हतं, गोल फिरत होतं. प्लॅस्टिक गरम पाण्यात मऊ होतं, तेव्हा नवा आकार देता येतो. आच मात्र कधीही दाखवायची नाही, कारण काही पिक्स सेल्युलॉइडची असतात आणि सेल्युलॉइड भसकन पेट घेतं. उकळत्या पाण्यात सांडशीने बुडवलं, मार्कर पेनावर गुंडाळलं, गार पाण्यात धरलं. वेढा छान लहान झाला आणि पूर्वीइतकाच फिरू लागला. सरांनी नुसतं विचारलं, "तुमचा अंगठा गोल आहे का?" बघितलं तर तो चांगलाच चपटा होता. गोल वेढा चपट्या अंगठ्यावर फिरणारच. दुसऱ्यांदा लाकडी पट्टीच्या कडा घासून तिच्यावर आकार दिला, शिवाय पात्याचं टोक कानशीने थोडं कमी केलं. पातं लांब असलं की तार त्याला तरफेसारखी फिरवते. तेव्हापासून अंगठा शहाण्यासारखा वागतो आहे.

पावसाळ्यात घामाचा प्रश्न आला. तबलजी हाताला पावडर लावतात म्हणून मीही लावली. पिक्स जास्तच निसटली. तबल्यावर हात सरकायला हवा असतो, इथे पकड हवी असते. व्हायोलिनवाले गजाला लावतात त्या राळेचा जरासा चुरा पिकच्या आतून चोळला, ते जमलं. औषधाच्या दुकानातली कापडी चिकटपट्टी आतून लावूनही काम होतं. स्वयंपाकाचं तेल बोटांवर राहिलं असेल तर यातलं काहीच चालत नाही, आधी साबणाने हात धुवायचे. उकाड्यात बोटं फुगतात, म्हणून सकाळी बसवलेलं पिक संध्याकाळी टोचलं तर लगेच प्लायर उचलायचा नाही, हेही ठरवून टाकलंय.

एवढं होऊनही जोरात वाजवलं की तर्जनीचं पिक तारेत अडकून उडायचं. सरांनी मला १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकायला लावली, फक्त ब्रिजभूषण काब्रांच्या गिटारकडे कान देऊन. मी आजवर त्यातली मींड ऐकत आले होते; या वेळी प्रत्येक स्वराची सुरुवात ऐकली. किती नेमकी, किती स्वच्छ. मग सरांनी माझ्याच गिटारवर तार छेडली आणि वाकून बघायला सांगितलं. पात्याचं टोकच तारेला लागत होतं आणि बोट तळहाताकडे मिटत होतं. मी मात्र पातं तारांत खोल घालून वर उपसत होते, म्हणजे पिक बोटातून काढायच्या दिशेनेच ओढत होते. बोट मिटायला लागल्यावर आवाज कमी होईल असं वाटलं होतं. उलट तो भरीव झाला.

द्रुत वाजवताना मधल्या बोटाचं पिक अजून करंगळीकडे किंचित वळतं. पात्याचं टोक तारेशी तिरकं लागतंय, ते जरासं वाकवा, असं सर म्हणतात. कुठल्या बाजूला, ते विचारलं तर म्हणाले, "बोट तुमचं आहे, ते सांगेल." आता दोन्ही बाजूंना वाकवून बघणार आहे.