रिव्हर्सचा उजेड

रिव्हर्स हा गाडीतला सगळ्यात दुर्लक्षित गिअर. शोरूममध्ये लोक मायलेज विचारतात, एसी विचारतात, गाणी कशी वाजतात तेही विचारतात, पण "मागे जाताना किती दिसतं हो?" असं विचारणारा माणूस अजून माझ्या बघण्यात नाही. शहरात ते चालून जातं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्यूबलाइट असते, वॉचमन असतो, आणि १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या कारना तर मागचे सेन्सर सक्तीचेच आहेत. माल वाहणाऱ्या जुन्या पिकअपला यातलं काही नसतं. असतो तो एक २१ वॅटचा बल्ब, आणि त्याच्या काचेवर पावसाळ्यापासूनचा चिखल.

पूर्वी ट्रकला दिव्याची एवढी गरज नव्हती, कारण क्लीनर होता. गाडी मागे घ्यायची म्हटली की हा पोरगा खाली उडी मारणार, हौद्यावर थाप मारत ओरडणार, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं मारा, येऊ द्या... बास!" ड्रायव्हरनं मागे बघायचंच नाही, फक्त ऐकायचं. थाप थांबली की ब्रेक. मग छोट्या पिकअप आल्या, आणि दीड टनाच्या भाड्यात दोन पगार बसेनात. क्लीनर गेला. त्याच्या पगाराचा हिशेब सगळ्यांनी केला, पण त्याच्या डोळ्यांच्या जागी काय बसवायचं याचा कुणी केला नाही.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे माझ्या मामेभावाची, दादाची, पिकअप. अंबड तालुक्यात मोसंबी वाहते. (जालना म्हटलं की शहरातल्या लोकांना एकतर स्टीलच्या सळया आठवतात नाहीतर बियाणं, पण इथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे बरं का.) आंबे बहाराची तोड दिवसभर चालते, कॅरेट भरून बांधावर येईपर्यंत दिवस मावळतो, आणि गाडी भरायची वेळ येते ती नेमकी अंधारात. बागेत शिरायला एकच गाडीवाट. एका अंगाला बांध, दुसऱ्या अंगाला ठिबकच्या नळ्या, वळवायला जागा नाही. सरळ शिरलात तर उलटं बाहेर या, उलटं शिरलात तर सरळ बाहेर या. एकदा उलटं जाणं आहेच, आणि तेही शे-दीडशे मीटर. वाटेत विहीर.

विहीर हा शब्द इथे सहज येत नाही. १८ जुलै २०२४ ला पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची जीप जालना-राजूर रस्त्यालगतच्या विहिरीत पडली आणि सात जण गेले. ती जीप काही रिव्हर्समध्ये नव्हती. पण चाक आणि पाणी यांच्यात किती अंतर असतं, ते त्यानंतर या भागात कुणाला समजवावं लागत नाही.

शिवाय रात्री शेतात कोण असणार, असं आपल्याला पुण्यात बसून वाटतं. बऱ्याच ठिकाणी शेतीपंपाची लाइट अजून रात्रीच्या पाळीत येते, त्यामुळे माणूस दारं धरायला नाहीतर मोटर बघायला रात्रीच उठून येतो. तोडणीच्या मजुरांबरोबर त्यांची पोरं असतात आणि दमली की कॅरेटच्या आडोशाला पोत्यावर आडवी होतात. दादाला याचीच धास्ती. "पुढचं दिसतंय रे, हेडलाइट हायेत," तो म्हणाला, "पण मागं मी नुसता अंदाजानं जातो. हे काही खरं नाही."

तर एका शनिवारी जालन्याला अंबड चौफुलीच्या बाजूला एका वायरमनकडे गेलो. वायरमन म्हणजे गाडीचं वायरिंग करणारे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. दोन एलईडी दिवे घेतले, डब्यावर १८ वॅट छापलेले. चाचांनी पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं. रिव्हर्सच्या बल्बची वायर सोलायची, तिथेच दोन दिव्यांचं टॅपिंग मारायचं, वर टेप. झालं.

मी म्हटलं, "चाचा, रिले लावू या."

"साहेब, एलईडी आहे. लोडच नाही त्याला. कशाला खर्च करता?"

यात चाचांचं निम्मं बरोबर होतं, म्हणून थोडा हिशेब मांडतो. मूळचा २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर घेतो. आमचे दोन दिवे मिळून ३६ वॅट, म्हणजे आणखी ३ अँपिअर. (इंजिन चालू ठेवून मीटर लावला तर एक दिवा १.१ अँपिअरच घेत होता, म्हणजे १५ वॅटच्या आसपास. डब्यावरचे वॅट आणि लग्नाच्या बायोडेटातली उंची, दोन्हींतून थोडं वजा करावं.) एकूण चार-पावणेपाच अँपिअर. मुळात रिव्हर्सचा दिवा लागतो तो गिअर बॉक्सवरच्या एका छोट्याशा स्विचमुळे: गिअर रिव्हर्समध्ये पडला की आतलं बटण दाबलं जातं आणि सर्किट पूर्ण होतं. तो स्विच एखाद-दुसऱ्या बल्बासाठी बनवलेला. जास्तीचा करंट तो आज सोसेल, सहा महिने सोसेल, मग त्याचे पॉइंट जळत जातील. आणि ज्या दिवशी ते जातील त्या दिवशी नवे दिवे तर जातीलच, कंपनीचा जुना बल्बही जाईल. म्हणजे होता तेवढाही उजेड नाही.

रिले म्हणजे काय, तर छोट्या करंटने मोठा करंट चालू करायचा. आत एक गुंडाळी असते. तिला दीड-दोनशे मिलिअँपिअर मिळाले की तिचं लोहचुंबक होतं, पत्री खेचली जाते, टिक असा आवाज येतो आणि बॅटरीचा थेट रस्ता उघडतो. चार पिनांवर नंबर असतात: ३०, ८५, ८६, ८७. तीसला बॅटरीची वायर, सत्त्याऐंशीतून दिव्यांना, शहाऐंशीला जुन्या रिव्हर्स बल्बची वायर, पंच्याऐंशी बॉडीला अर्थ. हे नंबर मूळचे जर्मनीतल्या डीआयएन ७२५५२ या मानकातले. चाचांना मानकाचं नाव माहीत नसेल, पण अंधारात पिन चाचपून नंबर सांगतात! इंटरफेस असावा तर असा, डॉक्युमेंटेशन न वाचता सगळ्या जगाला पाठ.

फ्यूजवरून मात्र मी अजिबात मागे हटलो नाही. बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर साडेसात अँपिअरचा, तो तपकिरी रंगाचा, फ्यूज. पुष्कळांना वाटतं फ्यूज दिव्याला वाचवतो. तो वायरला वाचवतो. बॅटरीपासून मागच्या दिव्यापर्यंत पाच मीटर वायर चॅसीच्या कडेकडेने जाते. तिच्यावर दगड उडतात, उंदीर कुरतडतात, सायलेन्सर तापतो. कुठेतरी साल निघून तांबं चॅसीला टेकलं की बॅटरी त्यातून शेकड्याने अँपिअर सोडू शकते, आणि वायर लालबुंद व्हायला काही सेकंद पुरतात. फ्यूज दिव्यापाशी मागे लावला तर मधली पाच मीटर उघडीच राहिली की. चाचांनी मान डोलावली, दीड स्क्वेअर एमएमची वायर काढली, आणि मी न सांगता ती घड्यांच्या प्लास्टिक पाइपमधून ओवून सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने नेली. हात बघण्यासारखा होता.

खरा वाद झाला तो बटणावरून. दादाला डॅशबोर्डवर वेगळं बटण हवं होतं. म्हणजे गाडी उभी असताना भरायलाही उजेड मिळेल. मागणी अगदी रास्त. पण एकदा बटण आलं की ते कधीतरी चालूच राहणार. भरलेली गाडी अंबड-जालना रस्त्याला लागणार, मागून कुणीतरी मोटरसायलवर बायको-पोराला घेऊन येणार, आणि त्याच्या डोळ्यात हे दोन पांढरे दिवे. त्याला वाटणार समोरून गाडी येतेय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०८ वा नियम यासाठीच आहे: गाडीच्या पुढे लाल दिवा दिसता कामा नये आणि मागे लालखेरीज दुसरा दिसता कामा नये. थोडे अपवाद आहेत, त्यात नंबरप्लेटवरचा पांढरा उजेड आणि रिव्हर्स घेताना लागणारा पांढरा दिवा. रिव्हर्स घेतानाच. तेवढ्यासाठीच आपल्याला ती सूट आहे. (पासिंगला इन्स्पेक्टर जादा दिव्यांवर काय म्हणेल हे आधी विचारून घेतलेलं बरं. कलम ५२ नोंदणीच्या तपशिलांत फरक पडेल असा बदल करू देत नाही. दिव्याने तो पडत नाही असं मी म्हणेन, पण तपासणारा मी नसतो.)

दादा डोक्याने तल्लख. म्हणाला, "मग बटण नको. किल्ली चालू ठिवायची, इंजिन बंद, गिअर रिव्हर्सला टाकून ठिवायचा. दिवे लागतेत. निघताना गिअर काढावाच लागतो, म्हणजे दिवे आपोआप बंद. इसरायचा प्रश्नच नाही!"

मला ही युक्ती फार आवडली. विसरणं अशक्य करणारी रचना म्हणजे आमच्या धंद्यातलं परमोच्च सुख. पण चाचा कामावरची नजर न काढता म्हणाले, "आणि कोणी पोरगं केबिनमध्ये चढलं, किल्ली फिरवली तर?"

गिअरमध्ये असलेल्या गाडीला स्टार्टर मारला की ती उडी मारते. गिअर रिव्हर्स, म्हणजे उडी मागे. आणि मागे फाळका उघडून कॅरेट चढवणारी माणसं. आम्ही दोघं गप्पच झालो. भरायच्या उजेडासाठी कपाळाला बांधायच्या दोन चार्जिंगच्या बॅटऱ्या आणल्या. मान वळेल तिथे उजेड, आणि गाडीच्या वायरिंगशी संबंध नाही.

दिवे बसवायचे कुठे, यातही बराच वेळ गेला. हौद्याच्या वर लावले तर माल आडवा येतो, फाळक्यावर लावले तर फाळका पाडला की दिवे जमिनीकडे बघतात. शेवटी हौद्याखाली चॅसीच्या आडव्या पट्टीला, थोडे आत, म्हणजे बांधाला घासून फुटणार नाहीत. तोंड कुठे? चाचांनी दोन्ही सरळ मागे केले होते. पण कॅरेट छपरापर्यंत लागले की केबिनच्या मागच्या काचेतून काहीच दिसत नाही. ड्रायव्हरला असतात ते फक्त बाजूचे दोन आरसे. मग उजेड आरशांच्या नजरेत पडायला हवा. दादाला सीटवर बसवलं, मी मागे काठी घेऊन उभा राहिलो, आणि आरशात काठीचं टोक जिथे जिथे दिसेल तिथे खडूने खूण केली. त्या खुणांवर एकेक दिवा थोडा बाहेर तिरका आणि खाली झुकवला. ठिबकची नळी, बांधाची कड, विहिरीकडचा उतार आता आरशात स्पष्ट दिसतात.

ज्या जागी खुणा पडल्या नाहीत ती जागा बरोबर हौद्याच्या पाठीमागे. तिथे आता लख्ख उजेड आहे, पण तो बघणारं कुणी नाही. २००२ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर कॅमेरॉन गुलब्रान्सन हा दोन वर्षांचा मुलगा घरासमोर रात्री गाडी मागे घेताना चाकाखाली गेला. गाडी चालवत होते त्याचे वडील, आणि ते बालरोगतज्ज्ञ. त्याच्या नावाने अमेरिकेत २००८ मध्ये कायदा झाला, आणि मे २०१८ पासून तिथे प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा बंधनकारक आहे. अशा अपघातांत तिथे वर्षाला सरासरी २१० माणसं मरतात आणि त्यातली ३१ टक्के पाच वर्षांखालची मुलं, असा त्यांच्या सरकारी खात्याचा अंदाज होता. एवढ्या चकचकीत गाड्या, एवढे चांगले रस्ते, तरी.

दादाच्या गाडीला कॅमेरा पुढे-मागे बसेलही, पण चिखल त्याच्या काचेवरही बसणारच. तूर्त सत्त्याऐंशीच्या पिनेवरून आणखी एक वायर काढून बझर लावला, साधा टिट-टिट करणारा. आणि दादाने स्वतःच एक पद्धत ठरवली: बागेत गाडी उलटी घ्यायची तर आधी गाडीच्या मागे एक चक्कर मारायची, मग ज्याचे कॅरेट आहेत त्यालाच मागे उभं करायचं आणि थाप मारायला लावायची. "माल त्याचा हाय, तेवढं करतोय तो."

दिवे, रिले, वायर, बझर आणि चाचांची मजुरी धरून दोन हजारांच्या आत काम झालं. निघताना चाचा म्हणाले, खडीच्या रस्त्यावर दिव्याच्या नटाखाली स्प्रिंग वॉशर लागतो, नाहीतर आठ दिवसांत तोंड जमिनीकडे. ते घातलेत. आठवड्याने दादाचा फोन आला: उजवीकडचा तरीही दोन बोटं खाली आलाय, खडू घेऊन ये.