परत न केलेलं पुस्तक



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. कारण नातेवाइकांना ठाऊक आहेच. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. दोन महिने माझं जग म्हणजे पलंग आणि ऐरोलीच्या घराची ही एक खिडकी. खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो.

परवा सूनबाईला कपाट आवरताना एक पिवळं पडलेलं पुस्तक सापडलं. नाथमाधवांचं 'वीरधवल'. पहिल्या पानावर सही होती, पण माझी नव्हे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. आठवीतला एक मुलगा बाकाखाली हे पुस्तक वाचताना सापडला. मी ते काढून घेतलं आणि वर्गासमोर म्हणाले, "असलं वाचून मराठी सुधारत नाही." नुकतंच बीए झालं होतं ना! हरिभाऊ आपटे थोर आणि नाथमाधव म्हणजे नुसते लोकप्रिय, हे डोक्यात पक्कं बसलेलं. मुलगा पुस्तक मागायला आला नाही. मीही बोलावून दिलं नाही.

आता आडवी पडून तेच वाचतेय.

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. जन्म १८८२ चा, मुंबईचा. तोफांच्या कारखान्यात नोकरी आणि शिकारीचा भारी नाद. विशीत असताना शिकारीसाठी सिंहगडावर गेले आणि कड्यावरून कोसळले. कंबरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. त्यानंतर हा माणूस लेखक झाला! 'सावळ्या तांडेल', 'वीरधवल', 'डॉक्टर', आणि मग शिवकाळावरची 'स्वराज्य' माला : 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्यावरील संकट'... १९२८ मध्ये गेले तेव्हा वय अवघं ४६.

ही माहिती मला नवी नाही. परीक्षेत दोन ओळींत लिहिलीही होती. पण "कंबरेखालचं शरीर लुळं पडलं" म्हणजे काय, ते तेव्हा कुठे कळलं होतं? पाण्याचा पेला हवा तरी हाक मारावी लागते, तेव्हा कळतं. मला निदान वॉकर मिळालाय. त्यांना तोही दिलासा नव्हता. एका गडाने पाय नेले, आणि त्यांनी गडांच्याच गोष्टी सांगितल्या. स्वतः हलू न शकणाऱ्या माणसाच्या कादंबऱ्यांत घोडे दौडतात, माणसं रातोरात कडे चढतात.

दोष आहेत हो! योगायोग फार, संवाद लांबलचक. शिक्षिका आहे, लाल पेन सुटत नाही. इतिहास म्हणून या कादंबऱ्या वाचू नयेत, हेही खरं. पण काल रात्री पुढे काय होतं म्हणून दीडपर्यंत जागले. दुखणं विसरले. त्या मुलालाही तेव्हा काही विसरायचं असेल का? मी विचारलंच नव्हतं.

तो आता पन्नाशीच्या पुढे गेला असेल. त्या वर्गातलं कुणी हे वाचत असेल, तर त्याला निरोप द्या. बाईंनी पुस्तक जपून ठेवलंय. चार पानं सुटली होती, ती चिकटवलीत. आणि म्हणावं, बाई चुकल्या होत्या.