कोरडी हवा

आमच्या घरी उन्हाळा कुंभार वेशीतून येतो. महाशिवरात्र होऊन आठ-पंधरा दिवस गेले की आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पिशवी उचलतात आणि म्हणतात, "चल गं, माठ बघून येऊ." त्या माठ बघत नाहीत, ऐकतात. बोटाच्या पेरानं टिचकी मारायची आणि कान जवळ न्यायचा. टणटण वाजला तर भाजणी चांगली. बद्द वाजला तर कुठंतरी चीर आहे. रंग दिलेले, वेलबुट्टी काढलेले, तोटी बसवलेले माठ पुढच्याच रांगेत मांडलेले असतात, पण त्यांच्याकडे आत्या ढुंकूनही बघत नाहीत. "रंगानं त्याचं तोंड बंद होतं," म्हणतात. हे तोंड वरचं नव्हे. माठाच्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, आत्यांच्या हिशेबी ती सगळी त्याची तोंडं.

घरी आणलेला माठ एक रात्र घंगाळात बुडवून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी भरायचा आणि ते पाणी तुळशीला घालायचं. तिसऱ्या दिवसापासून प्यायचं. त्या तिसऱ्या दिवसाच्या पहिल्या पेल्याला ओल्या मातीचा जो वास असतो, तो पुढं आठवडाभरात विरत जातो. म्हणून पहिला पेला कुणाला, यावरून आमच्याकडे मुलं लहान असताना भांडणं व्हायची.

मी मूळची रत्नागिरीची. माहेरीही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिवईवर माठ होता, त्यातलं पाणी गारही व्हायचं, पण बेताचंच. लग्न होऊन 1998 च्या एप्रिलमध्ये सोलापूरला आले, तेव्हा स्टेशनापासून घरापर्यंतच्या रिक्षातच माझे ओठ सुकून गेले. दारात पाय धुतल्यावर आत्यांनी हातात तांब्या दिला. पहिल्याच घोटाला दात शिवशिवले. घरात फ्रीज नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी विचारलं, "बर्फ घातलाय का?" आत्या नुसत्या हसल्या. सासरे गिरणीतून निवृत्त झालेले आणि समजावून सांगायची आवड असलेले. त्यांनी मला माठापाशी नेलं आणि त्याच्या ओलसर पोटावर माझा तळवा टेकवला.

ते म्हणाले, पाणी छिद्रांतून झिरपून बाहेर येतं आणि हवेत उडून जातं. उडून जायला त्याला उष्णता लागते, एका ग्रॅमला साधारण 580 कॅलरी. ती ते आतल्या पाण्याकडून घेतं, म्हणून आतलं पाणी गार होत जातं. पण उडून जायला हवेत जागा तरी पाहिजे. तुमच्या रत्नागिरीच्या हवेत समुद्र आधीच येऊन बसलेला असतो. आमची हवा रिकामी. सह्याद्रीनं पावसाळी ढग पलीकडेच पिळून घेतले, आमच्या वाट्याला वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. इथली हवा तहानलेली असते, मिळेल ते पाणी उचलते.

तेव्हा मी मान डोलावली. पण या घरातलं उन्हाळ्याचं जे जे मला जीव लावून गेलं, ते सगळं त्या तहानलेल्या हवेचं देणं आहे, हे उमजायला पुढं बरीच वर्षं जावी लागली. पहिली दोन वर्षं मी माहेरच्या घामट, आंब्याफणसाच्या उन्हाळ्यासाठी झुरत होते. इथं करवंद नाही, जांभा नाही, खाडीचा वारा नाही. दारासमोर कडुलिंबाचं झाड आणि पलीकडे मागांची खटखट.

त्या लिंबापलीकडच्या घरात अक्का राहतात. त्यांचं कुटुंब तेलुगू, विणकरांचं, तीन पिढ्यांपासून सोलापूरचं. आमच्याकडे गुढी उभी राहते त्याच दिवशी त्यांच्याकडे उगादी असते आणि सकाळी भिंतीवरून एक वाटी येते. चिंचेचा कोळ, गूळ, कैरीचे तुकडे, मीठ, तिखट आणि वर लिंबाचा ताजा मोहोर. त्याला त्या पच्चडी म्हणतात. पहिल्या वर्षी मी तोंड वाकडं केलं होतं. आता ती वाटी आली नाही तर मला पाडवा झाल्यासारखा वाटत नाही.

पाडव्यानंतर वाळवणं. कुरडईचे गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. शिजवायचं काम पहाटे साडेचारला, कारण सूर्य वर यायच्या आत सगळं गच्चीवर गेलं पाहिजे. मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्याला उकळी आली की एकीनं चीक ओतायचा आणि दुसरीनं लाटण्यानं ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. पांढरा चीक बघता बघता काचेसारखा पारदर्शक होतो, जड होतो, लाटणं ओढून धरतो. त्यातला एक-एक डाव वाट्यांत काढून, वर दूध-साखर घालून मुलांना मिळायचा. ती वाटी खाण्यासाठी माझी मुलगी पहाटे आपणहून उठायची, आणि शाळेसाठी मात्र तिला तीन हाका माराव्या लागायच्या.

गच्चीवर खाली जुनी सोलापुरी चादर, तिच्यावर धुतलेलं स्वच्छ धोतर, आणि त्यावर सोऱ्यातून कुरडया. मी दाब द्यायची, आत्या मनगट फिरवायच्या. त्यांची कुरडई चांदणीसारखी, माझी अजूनही लांबोडकी होते. मग दिवसभर कावळ्यांची राखण.

पण खरी वेळ दुपारी एकची. त्या वेळी कुरडई वरून कुरकुरीत झालेली असते आणि पोटात अजून ओली. धोतरावरून सोडवताना तिचा एखादा तार चिकटून राहतो, हलकेच तुटतो. तोंडात टाकली की आधी करकर, मग मऊ, मग तीन दिवसांच्या भिजवणीची किंचित आंबूस चव. तळलेल्या कुरडईला ही चव नसते. आणि ही अवस्था तासभरच टिकते. दोन वाजून गेले की ऊन आतपर्यंत पोचतं. आत्या ओरडायच्या नाहीत. कोपऱ्यातल्या दहा-बारा कुरडया त्यांनी "खाणाऱ्यांच्या" म्हणून आधीच वेगळ्या घातलेल्या असायच्या.

माहेरी आई हेच वाळवण घालायची, तेव्हा संध्याकाळी ते ओलसरच आत यायचं आणि पुन्हा सकाळी बाहेर जायचं. तीन-चार दिवस ही ये-जा चालायची. इथं दुसऱ्या संध्याकाळी सुपात घेतलं की खडखड वाजतं.

कडक भाकरीचंही तेच. जिल्ह्यातल्या ज्वारीची, त्यातही मंगळवेढ्याकडची मालदांडी मिळाली तर उत्तम. तिला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण काळ्या रानात, जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढलेल्या या ज्वारीची गोडी इथल्या बायकांना त्याच्या फार आधीपासून माहीत आहे. भाकरी पातळ, कागदासारखी थापायची, भाजून मंद आचेवर वाळवायची, ती पापडासारखी तडकेपर्यंत. आठवड्यांमागून आठवडे ती तशीच राहते. चुरून वरणात, दह्यात, नाहीतर नुसत्या शेंगाचटणीबरोबर खायची. उखळात कुटलेल्या दाण्यांना तेल सुटून ती चटणी काळपट लाल होते. कानडी शेजारीही तिला शेंगाचटणीच म्हणतात, तिथं भाषांतर लागत नाही. एकदा मी मोठ्या हौसेनं कडक भाकरीची चवड रत्नागिरीला नेली. तिसऱ्या दिवशी ती वातड झाली. आईला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी भाकरी नेली होती, हवा नेली नव्हती.

या हवेचं सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. त्या दिवशी बाकीचं सगळं बाजूला राहतं, रात्री दोनला आलं तर दोनला उठायचं. टाचांना भेगा पडतात, माळ्याच्या दाराची फळी आकसून खडखडते. आणि ज्या कापसाच्या धाग्यावर हे शहर उभं राहिलं, त्या धाग्यालाच ही हवा मानवत नाही. जुनी मिल 1877 साली सुरू झाली, तेव्हापासून इथं सूत आणि कोरडेपणा यांची झटापट चालू आहे. कोरड्या हवेत सुती धागा ठिसूळ होतो, ताणला की तुटतो, म्हणून मागाच्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवावी लागते. सासरे सांगायचे, खात्यात पाण्याचा फवारा असायचा, अंगातला सदरा घामानं आणि दमटपणानं चिंब व्हायचा. पाळी सुटून गेटबाहेर पडलं की झळ लागायची, आणि घराच्या वळणावर येईपर्यंत सदरा पार वाळून कडक व्हायचा, पाठीवर मिठाच्या रेघा उमटायच्या. आत्या त्या रेघांवरून ओळखायच्या की आज किती काम पडलं. हे सांगताना दोघंही हसायचे. मला मात्र ते ऐकून दर वेळी गलबलून यायचं. अक्कांच्या घरच्या मागावर आजही दुपारी जमिनीवर पाणी शिंपडतात, पाणी कितीही जपून वापरायचं असलं तरी.

सोलापुरी चादर म्हणजे थंडीत पांघरायची, असं बाहेरगावचे लोक समजतात. आमच्या घरात ती उन्हाळ्यातच जास्त राबते. आणि तिची धाकटी बहीण, टेरी टॉवेल, तीही. दुपारी तांब्याभर पाण्यात टॉवेल बुडवून, पिळून पश्चिमेच्या खिडकीत अडकवायचा. त्याच्या प्रत्येक फुंदीला पाणी धरून ठेवता येतं, आणि त्यातून येणारा वारा माठाच्या पोटाला हात लावावा तसा लागतो. अर्ध्या तासात टॉवेल कोरडा, पुन्हा तांब्याभर पाणी. हे तांदूळ धुतलेलं पाणी असतं किंवा भाजी धुतलेलं. नळाचं ताजं पाणी त्यासाठी आत्यांनी कधी वापरू दिलं नाही.

रात्री जेवणं झाली की गच्ची. दिवसा 41-42 पर्यंत गेलेला पारा रात्री पंचविशीपर्यंत खाली येतो, कारण कोरडी हवा ऊब धरून ठेवत नाही. दहा वाजता तळव्यांना चटका देणारी फरशी बाराला कोमट होते. मोराच्या नक्षीची चादर अंथरायची. ती उलटी-सुलटी कशीही टाका, दोन्हीकडून मोर असतातच. सासऱ्यांची ती चादर आता बाकी राहिलेली नाही म्हणावी इतकी विरली आहे, पण धुऊन धुऊन जो मऊपणा आलाय तो नव्या चादरीला कुठून येणार? लिंबाच्या मोहोराचा वास उतरत असतो, कुठंतरी उशिरापर्यंत माग चालू असतो. आणि पहाटे चारच्या सुमाराला असा एक गारवा येतो की झोपेतच हात चादरीची कड शोधतो आणि अंगावर ओढून घेतो. भर एप्रिलात, सोलापुरात, पांघरूण! माहेरच्या माणसांना हे सांगून पटत नाही. या वर्षी मुलगी सुट्टीत घरी आली होती. पहाटे बघितलं तर निम्मी चादर तिनं ओढून घेतली होती आणि उरलेल्या निम्म्यात आत्या पाय मुडपून गाढ झोपल्या होत्या.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दुसरा घाणा घातला होता. दुपारी चारला ऊन एकदम पिवळं झालं. धूळ उठली, लिंब एका बाजूला झुकला, आणि भिंतीपलीकडून अक्का ओरडल्या, "वहिनी, पाऊस येलालाय! काढा की लवकर!" मी आणि मुलगी वर धावलो. एकेक उचलायला वेळच नव्हता. चादरीची चारी टोकं धरून धोतरासकट गाठोडं बांधलं आणि जिन्यात आलो तोवर टपोरे थेंब तापल्या गच्चीवर पडून वाफ होत होते. वळीव वीस मिनिटं कोसळला. वीज गेली. मातीचा वास घरभर भरून राहिला, आणि मला एकाएकी रत्नागिरी आठवली.

अंधार पडल्यावर आत्यांनी माठातलं पाणी घेतलं, एक घोट प्यायल्या आणि पेला खाली ठेवला.

"आज गार नाही."

मी माठाला हात लावला. पोट ओलं होतं, पण कोमट. बाहेर हवा भरली होती, तिला आज तहान नव्हती.

आत्यांनी मेणबत्ती जवळ ओढली, गाठोड्याची एक गाठ सोडली, आतून एक कुरडई काढली आणि कानाशी नेऊन मोडली. आवाज आला नाही. ती नुसती वाकली. त्यांनी तिचे दोन तुकडे केले, एक माझ्या हातात दिला, एक नातीच्या.

"खावा," त्या म्हणाल्या. "बाकीच्या उद्या परत वर."