चार नाणी आणि चिंचेचा कोळ

सरत्या वर्षी आम्ही चारच रोमन नाणी घेतली. साहित्य शिकवून पोट भरणाऱ्या आणि यॉर्कशायरात भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाने सोन्याच्या नाण्यांकडे लांबूनच पाहावे. आमची धाव चांदीच्या दिनारियसपर्यंत, त्यातही झिजलेल्या. दर डिसेंबरात वही उघडून वर्षभराच्या नाण्यांची आवडीनुसार क्रमवारी लावायची, असा आमचा जुना रिवाज आहे. यंदा ती नीट लागेना. का लागेना, ते ओघात येईलच.

पहिला मान प्लॉटिलाचा, याबद्दल मात्र शंका नव्हती. जुन्या २५ पैशांच्या नाण्याएवढा हा दिनारियस. दर्शनी बाजूला केस मागे बांधलेली एक कोवळी मुलगी. मागे वधूवर समोरासमोर उभे, उजव्या हातात उजवा हात. भोवती लेख आहे, ‘प्रोपागो इंपेरी’. साम्राज्याची वंशवेल वाढो, असा त्याचा आशय. आपल्याकडे विवाहाला पाणिग्रहण म्हणतात. रोमन शिल्पात आणि नाण्यांवर विवाहाची खूण तीच. इ. स. २०२ मध्ये सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचा मुलगा कॅराकॅला याच्याशी तिचे लग्न झाले, तेव्हा नवरदेव १४ वर्षांचा होता. मुलीचा बाप प्लॉशियानस हा सम्राटाखालोखाल सत्ता गाजवणारा. कॅसियस डिओ हा इतिहासकार त्या काळी रोममध्येच होता. मुलीला दिलेले आंदण पन्नास राण्यांना पुरले असते, असे तो नोंदवतो. नवऱ्याला मात्र ती डोळ्यांसमोर नको होती. हेरोडियन सांगतो की, तो तिच्यासोबत जेवतही नसे. २०५ मध्ये प्लॉशियानसचा खून झाला, मुलीची रवानगी लिपारी बेटावर झाली, आणि सासरा वारल्यावर नवऱ्याने तिला तिथेच मारविले. वंशवेल वाढली नाही.

वर्गात आम्ही मुलांना सांगतो की, कथेतल्या निवेदकाच्या शब्दावर लगेच विसंबू नका. या नाण्याइतका पक्का खोटा निवेदक आम्हाला कादंबऱ्यांतूनही क्वचितच भेटला. नाण्यावर सर्वांत अधिक झिजली आहे ती गुंफलेल्या हातांची जागा. यात प्रतीक शोधण्याचा मोह आम्हालाही झाला होता. पण ठशात जो भाग उंच, तो आधी झिजतो, एवढेच त्याचे कारण. असो.

दुसरे नाणे तिच्या दिराचे, गेटाचे. हे यॉर्कमध्येच एका नाणेबाजारात मिळाले, आणि मिळाले ते तिथेच, याचे आम्हाला फार अप्रूप. कारण सेव्हेरस वारला तो याच गावी, ४ फेब्रुवारी २११ रोजी, आणि दोघे मुलगे त्याच्यासोबत ब्रिटनमध्ये आलेले होते. दोघांनी एकोप्याने राहावे, असे तो मरताना सांगून गेला म्हणतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॅराकॅलाच्या माणसांनी गेटाला आईच्या कुशीत मारले. मग त्याचे नाव पुसण्याचा सपाटा सुरू झाला. रोममधल्या सेव्हेरसच्या कमानीवरील लेखात खाडाखोडीची जागा आजही दिसते. त्याची नाणी वितळवली गेली, हे डिओच सांगतो. आणि त्यापुढे एक गोष्ट सांगतो, जी साहित्याच्या माणसाने विसरू नये. नाटककार प्रहसनातसुद्धा गेटा हे नाव वापरीनासे झाले. गेटा हे रोमन सुखात्मिकेतल्या गुलामाचे नेहमीचे नाव. टेरेन्सच्या ‘फॉर्मिओ’त आहे, ‘अडेल्फी’तही आहे. राजाज्ञेचा धसका नाटकातल्या नोकरापर्यंत पोचला, पण जमिनीत पुरलेल्या मडक्यांपर्यंत पोचला नाही. गेटाचे दिनारियस आज इतके मिळतात, की एका साध्या जेवणाच्या किमतीत आम्हाला तो घेता आला.

तिसरे नाणे ऑगस्टसचे, लुग्दुनमच्या, म्हणजे आजच्या लियाँच्या, टाकसाळीतले. मागे त्याचे दोन दत्तक नातू, गायस आणि ल्युसियस, ढाली-भाले घेऊन उभे. ल्युसियस इ. स. २ मध्ये गेला, गायस इ. स. ४ मध्ये, भावी सम्राट म्हणून मिरवलेली ही पोरे नाण्यावर मात्र पुढेही हातोहात फिरत राहिली. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीत हा प्रकार विपुल आहे. आमचे नाणे तिकडचे नव्हे. त्याच्यासोबत एका जुन्या फ्रेंच संग्राहकाच्या हातची चिठ्ठी आहे, आणि खरे तर त्या चिठ्ठीसाठीच आम्ही ते घेतले. गुप्तांच्या लेखांतला ‘दीनार’ हा शब्द याच दिनारियसचा वंशज. पण आम्हाला त्याहून जवळची वाटतात ती मराठवाड्यात तेरला सापडलेली रोमन नाण्यांची मातीची अनुकरणे, गळ्यात बांधण्याजोगी. अक्षर कळत नाही, राजा कोण ते ठाऊक नाही. तरी कुणीतरी तो गोल जपून मातीत उतरवला.

चौथ्या नाण्याकडे येताना हात अडखळतो. साफ न केलेल्या नाण्यांच्या एका पुडक्यातून ते ७ पौंडांना घेतले. विक्रेता ‘बाल्कनमधले’ एवढेच म्हणाला. कुणाच्या शेतातले, कशाच्या शेजारी पडलेले, हे आम्ही विचारले नाही. उत्तर आवडणार नाही, हे ठाऊक होते. कॉन्स्टॅन्शियस दुसरा याचे ते तांब्याचे लहानसे नाणे. लेखाचा अर्थ ‘सुखाचे दिवस परत आले’, आणि चित्रात एक शिपाई घोड्यावरून कोसळलेल्या स्वाराला भाल्याने भोसकतो आहे. स्वाराने एक हात वर केलेला असतो. त्या हिरव्या थराखालीही तो हात स्पष्ट दिसत होता.

आई तांब्याची घागर चिंचेने घासून लख्ख करी, ते पाहत आम्ही वाढलो. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी आम्ही वाटीत चिंचेचा कोळ केला आणि नाणे त्यात टाकले. दहा मिनिटांनी काढले तेव्हा ते गुलाबी, खड्ड्याखड्ड्यांचे झाले होते. हात गेला होता. मागाहून एका जाणत्या संग्राहकाने समजावले की, अशा नाण्यांत मूळ धातू पुष्कळदा कधीच खाल्ला गेलेला असतो. चित्र उरते ते त्या हिरव्या थरातच. म्हणजे आम्ही मळ समजून जे धुतले, तोच मजकूर होता. कॅराकॅलाला गेटासाठी हुकूम काढावे लागले; आम्हाला एक वाटी कोळ पुरला. आणि नाणे कुठले, हा मजकूर तर पुडके घेतानाच गेला होता. त्यानंतर तसली पुडकी आम्ही घेतलेली नाहीत.

क्रमवारीत त्याला कुठे बसवावे, हे ठरेना. शेवटी वेगळ्या पाकिटात घातले. पाकिटावर लिहिण्यासाठी वजन केले, तर २.१ ग्रॅम भरले. खरेदीच्या दिवशी वहीत २.३ लिहिलेले होते. मधला फरक वाटीतल्या हिरव्या पाण्याबरोबर सिंकमधून गेला.