भेर्लीमाड

आमची आज्जी जन्मभर शिंदीचे फडे तोडून केरसुण्या बांधायची. कृष्णाकाठच्या ओढ्यातली शिंदी आपल्याला पानापानानं पाठ. पण २० मार्चला महाडला निघालो तेव्हा एक झाड नवं दिसलं.

आम्ही सांगलीच्या सूतगिरणीतले चौघं, रात्रपाळी करून निघालेलो. सातारा, महाबळेश्वर, मग आंबेनळीचा घाट. घाट उतरला तसे सदरे घामानं अंगाला चिकटले. पोलादपूरच्या पुढं चहाला थांबलो. टपरीमागं ते उभं. खोड माडागत सरळ, कड्याकड्यांचं. पान मात्र माडाचं नव्हं.

नारळाचं न् शिंदीचं पान एकदाच चिरलेलं असतं, मधे दांडा न् दोन्हीकडं पात्या. ताडाचं पंख्यागत. ह्याचं दोनदा चिरलेलं: दांड्याला फाटे, फाट्यांना पात्या, पाती माशाच्या शेपटीसारखी. वरून फुलोरे घोड्याच्या शेपटागत लोंबलेले.

चहावाला म्हणाला, "भेर्लीमाड. सुरमाड पण म्हणतात. माडी काढतात ह्याची. फळाला हात लावू नका, आग होईल."

पुढं वाचून काढलं. लिनिअसनं १७५३ साली ह्याचं नाव कॅरियोटा युरेन्स ठेवलं. युरेन्स म्हणजे जाळणारं. पहिला फुलोरा शेंड्याला येतो, मग एकेक खाली. सगळ्यात खालचं फळ पिकलं की झाड वाळून मरतं.

झाडाचं सांगून झाल्यावर चहावाल्यानं आमचं काढलं.

"कुठले?"

"सांगलीचे. गिरणी कामगार."

"ते झालं हो. आडनाव काय?"

सांगितलं. पहिला चहा काचेच्या गिलासातनं आला होता. दुसरा कागदी कपातनं आला.

झाड ओळखायला पान बघावं लागतं, फूल बघावं लागतं, फळ चोळून बघावं लागतं. माणूस ओळखायला ह्यांना एक आडनाव पुरतं. ७ नोव्हेंबर १९०० ला सातारच्या शाळेत भीमराव नावाचं पोरगं दाखल झालं. त्याची अक्कल कुणी बघितली नाही, त्याला गोणपाटावर वेगळं बसवलं. त्याच पोरानं १९२७ ला महाडात चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाण्यानं आडनाव इचारलं नाही.

आम्ही कागदी कप टपरीवर तसेच भरलेले ठेवले, पैसे मोजून दिले न् महाडची वाट धरली.

आपलं नाव आपल्या गुणावरनं पडलं पाहिजे. त्या माडाचं पडलं तसं. चोळाल तर आग होईल.